इतवारी पलटणीची डबल बेल

किस्से हे लग्नात आलेल्या आहेराच्या भांड्यांसारखे असतात. कुणी मागितलेले नसतात, पण माळ्यावर साचत जातात. आमच्या पलटणीचे तर इतके साचलेत की परवा बायकोच म्हणाली, "एकदाचे सगळे सांगून मोकळे व्हा. तुकड्या-तुकड्यानं ऐकून कंटाळले मी!"

आमची पलटण म्हणजे राखीव पलटण. वर्षातून दोन महिने शिबिर, दर रविवारी छावणीच्या मैदानावर परेड, बाकीचे दिवस ज्याची त्याची नोकरी नाहीतर शेती. मी एका सरकारी ऑफिसात कारकून. रविवारी लेफ्ट-राइट, सोमवारी फायली! सगळं औरंगाबाद आम्हाला 'इतवारी पलटण' म्हणायचं. एकाहत्तर साली सीमेवर वातावरण तापलं आणि हुकूम आला, आता पूर्ण वेळ फौज. आमच्या चाळीस जणांतून तीस निवडायचे, त्यासाठी तीन आठवडे छावणीत तालीम, आणि उरलेल्या दहांनी घरी जायचं.

झालं, धांदल उडाली!

*

पहिली लढाई मला ऑफिसातच लढावी लागली. रजेचा अर्ज घेऊन हेडक्लार्कपुढे गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

"लढायला जा, माझी ना नाही. पण रजा कधीपासून कधीपर्यंत? इथं 'पर्यंत'चा रकाना कोराच सोडलाय तुम्ही."

"साहेब, लढाई कधी संपेल ते समोरच्या देशाला विचारावं लागेल!"

त्यांनी शांतपणे अर्जावर शेरा मारला : 'विचारून कळवावे.'

*

आम्हाला तयार करायला खड्या फौजेतले सुभेदार रावत आले. गढवालचे. बुटके, ताठ, आणि हसण्याशी वैर. पहिल्याच दिवशी फळ्यावर त्यांनी एक टेकडी काढली आणि चढाई कशी करायची ते समजावू लागले.

आमच्यात एक चित्रकलेचे मास्तर होते, कुलकर्णी गुरुजी. ती टेकडी बघून त्यांचा जीव कासावीस झाला. शेवटी राहवेना. उठले, फळा पुसला आणि छायाप्रकाशासकट सुंदर टेकडी काढून दिली. वर दोन झाडंही काढली!

सुभेदारसाहेब चित्राकडे बघत राहिले.

"बहुत बढ़िया, मास्टरजी। अब इसपर चढ़के दिखाओ!"

लेण्यांच्या अंगाच्या खऱ्या टेकडीवर गुरुजींना पाठीवर ओझं घेऊन तीन चकरा माराव्या लागल्या. खाली आले ते धापा टाकत. म्हणाले, "साहेबांचंच बरोबर होतं. उतार चुकला होता माझा!"

*

साळुबा दौलताबादचा. पेरूची बाग, आवाज मोठा, भीती फक्त गिरजाबाईची, म्हणजे बायकोची. त्याची गेटवर ड्यूटी लागली आणि नेमकी त्याच दुपारी गिरजाबाई पेरूची टोपली घेऊन आली. मागं सुभेदारसाहेब उभे. साळुबाचा नाइलाज झाला. त्यानं बंदूक सरळ केली आणि ओरडला,

"थम! कौन आता है?"

गिरजाबाईनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला.

"आता इचारता व्हय? लगीन लागलं तवा नाय इचारलं ते!"

सुभेदारसाहेबांना मराठी येत नव्हतं. पण तेही नवराच होते. त्यांनी एक पेरू उचलला आणि तोंड फिरवून खात उभे राहिले.

*

आता कदीरभाई. खरं तर हे सगळं मी त्याच्यासाठीच सांगतोय.

कदीरभाई पैठण रस्त्याच्या बसवर कंडक्टर. वय बेचाळीस, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत. ट्रकमध्ये चढला की मागच्या फळीपाशी उभा राहायचा. "चला, पुढं सरका, पुढं सरका! चितेगाववाले मागं थांबा!" असं म्हणून डोकी मोजायचा आणि फळीवर दोन थापा मारायचा. ट्रक सुटायचा. माणसं मोजल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, हा त्याचा वीस वर्षांचा नेम.

मी एकदा म्हटलं, "कदीरभाई, तुम्ही स्वतःला मोजतच नाही."

"कंडक्टर सोताला मोजत नसतो, देशमाने. कंडक्टर गाडीत असतोच!"

एके सकाळी सुभेदारसाहेब अजून खालीच उभे होते आणि ट्रक सुटला. पन्नास पावलांवर थांबवला. साहेब लालबुंद. खड्या फौजेतल्या ड्रायव्हरवर बरसले, "मेरे हुकुम के बगैर गाड़ी कैसे हिली?"

ड्रायव्हर बिचारा अटेन्शनमध्ये म्हणाला, "साहब, डबल बेल हुई!"

त्या दिवसापासून कदीरभाईला मोजायची बंदी झाली. कंडक्टरी घरी, फौजेत नाही!

*

मैलाच्या दौडीत कदीरभाई सगळ्यांत शेवटी आला. तोही लंगडत. सुभेदारसाहेबांनी यादीत त्याच्या नावापुढे तांबडी खूण केली, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

कदीरभाई आधी हसला. "वीस वर्षं लोक माझ्या गाडीमागं पळाले. मला कवा पळायची पाळीच नाय आली!"

पण जेवायला बसलो तेव्हा त्याची भाकरी तशीच होती. हळूच म्हणाला, "अब्बा निजामाच्या फौजेत होते. पोलीस ॲक्शननंतर ती फौज मोडली, वर्दी ट्रंकेत गेली. तवापासनं गप गप राहतात. मी इतवारी वर्दी घालून निघतो ना, तर सकाळपासनं ओट्यावर येऊन बसतात, फकस्त मला बघायला. त्यांना एकदा सोमवारी पण दाखवायची हाय, देशमाने. पक्की वर्दी."

मीही भाकरी बाजूला सारली.

*

निवडीला दोन दिवस राहिले होते. दौलताबादच्या पलीकडच्या डोंगरात सराव झाला. परतताना जो तो दमलेला, धुळीनं माखलेला. एक जीप आधीच पुढं निघून गेली होती. आम्ही ट्रकमध्ये कोंबून बसलो. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. आणि कदीरभाईनं खाली उडी मारली.

"गाडी नाय हलणार. एक कम है."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सगळे तर होतो!

"सुभेदारसाब कुठं हैत?"

"ते जीपनं गेले असतील!" साळुबा करवादला. "चला की आता, लई भूक लागली."

"'असतील' म्हंजी? सकाळी माझ्या गाडीतनं आलते. उतरलेले बघितले, चढलेले नाय बघितले!"

शोधायला निघालो. टेकडीमागच्या कोरड्या ओढ्यात साहेब पडलेले सापडले. पाय मुरगळून टम्म सुजलेला, ओरडून ओरडून आवाज बसलेला. कदीरभाईनं कुणाला हात लावू दिला नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यानं त्यांना पाठीवर घेतलं आणि चढ चढला. वाटेत दोनदा थांबला, पण खाली ठेवलं नाही.

पाठीवरूनच साहेबांनी विचारलं, "तुझे गिनती करने से मना किया था ना?"

"हौ साब," कदीरभाई धापा टाकत म्हणाला. "मनमें गिना!"

*

निघायच्या दिवशी सकाळी मैदानात यादी वाचली गेली. सुभेदारसाहेब काठी टेकत उभे. माझं नाव आलं, गुरुजींचं आलं, साळुबाचं आलं. यादी संपली. कदीरभाईचं नाव आलं नाही.

तो आमच्या ट्रंका उचलून वर द्यायला लागला. "चला, पुढं सरका," म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. गुरुजींनी तोंड फिरवलं. मलाही खाली बघवेना.

साहेब ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. इंजिन सुरू झालं. ट्रक मात्र जागचा हलेना.

"चलता क्यों नहीं?"

"साहब, बेल नहीं हुई," ड्रायव्हर म्हणाला.

साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कदीर! तीस की मंज़ूरी है। गिन!"

कदीरभाई फळीपाशी आला. एकेक डोकं बोटानं मोजत गेला. थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"उनतीस हैं साब. एक कम है."

"ठीक से गिन।"

"दो बार गिना साब. एक कम है."

"अपने को गिना?"

बराच वेळ फळीवर थाप पडली नाही. मग पडल्या. दोन.

गेटपाशी अब्बा उभे होते. वार सोमवार होता.