गोंदियाच्या घरातला उजेड

मागच्या आठवड्यात गोंदियाच्या घरी भर उजेडात अंगणातला दिवा लागायला लागला. मी इकडे देवरीला... नवऱ्याचा फोन आला, "सेन्सर बिघडला वाटते. काढून टाकतो."

मी नर्स आहे. देवरीला बदली झाल्यापासून आठवडाभर इथल्या खोलीवर राहते, शनिवारी संध्याकाळी घरी जाते. सेन्सर मीच बसवून घेतला होता, बैठकीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर. खोलीतला उजेड कमी झाला की अंगणातला दिवा आपोआप लागतो. सासूबाईंना अंधारात बटण शोधावं लागत नाही.

खरं सांगू का... माझा त्यात वेगळाच स्वार्थ. सेन्सरचा आकडा मोबाइलवर येतो; ड्युटी संपली की मी घरचा उजेड बघत बसते. तो लक्समध्ये मोजतात हेही सेन्सर घेतल्यावरच कळलं. ढग आले की आकडा हळूहळू उतरतो, ट्यूबलाइट लागली की एकदम उडी मारतो. इतक्या लांबून घरचं एवढंच दिसतं... पण दिसतं.

म्हणून म्हटलं, थांबा, आधी मी बघते. ग्राफ उघडला तर रोज पाचच्या सुमारास आकडा धपकन खाली... दीडशेवरून चाळीसवर. ढगाने असं होत नाही. कुणीतरी आडवं आल्यासारखं वाटत होतं. आणि रविवारी मात्र काहीच नाही.

नवऱ्याला म्हटलं, "अहो, आज पाच वाजता जरा बैठकीत बघा ना." ते राइस मिलमधून लवकर घरी गेले.

त्यांचा फोन आला तो हळू आवाजात. "आई स्टूल घेऊन खिडकीत बसून राहिली. म्हटलं, इथं कायले बसली? तर म्हणते, हवा येते."

मग म्हणाले, "तू याच टायमाले यायची ना ड्युटीवरून."

आमच्या सासूबाईंचं बोलणं मोजकं. बदलीची ऑर्डर आली तेव्हा "जा मग" एवढंच म्हणाल्या होत्या. फोनवरही "जेवली का?" च्या पुढे गाडी जात नाही. मी घरात नसल्याचं त्यांना फार काही नसावं, असंच मी धरून चालले होते...

काल पाचला मीच त्यांना फोन लावला. स्पीकरवर टाकून ग्राफ उघडला. चाळीस.

"आई, काय करून राहिल्या?"

"काही नाही. बसली."

"शनिवारी येते मी."

"बरं." मग, "लवकरच्या बसनं येजो."

फोन ठेवला. थोड्या वेळाने आकडा चढला... एकशेतीस. उठून आत गेल्या असतील.

सेन्सर आहे तिथेच राहू द्यायला सांगितलंय. दिवा लवकर लागतो तर लागू दे. एरवी घरात उजेड वाढला की बरं वाटतं... काल नाही वाटलं. अजून थोडा वेळ बसल्या असत्या तर...