आईचा टॅब

दुकानदारानं टॅब देताना आईला बजावलं होतं, ऐंशी टक्के झाले की चार्जर काढा, वीसच्या खाली जाऊ देऊ नका, तापू देऊ नका. आईनं ते व्रतासारखं पाळलं. कुंभार पिंपळगावच्या उन्हाळ्यात टॅब माठाशेजारी गारव्याला असायचा. पुण्याहून मी व्हिडिओ कॉल केला, की ती थोडं बोलून म्हणायची, "बास झालं, चार्जिंग उतरून राह्यली. मंग बोलू."

मी भडकायचो. "अगं, बोलायलाच घेतलाय ना तो!"

"आत्ताच खराब करू का?"

शेवटच्या कॉलला तिला दम लागत होता, पण तेव्हाही तिनं चार्जिंगचंच कारण सांगून कॉल बंद केला.

राख सावडून घरी आलो आणि टॅब उघडला. अजून साठ टक्के बोलणं त्यात शिल्लक होतं.