धुळ्यात एक माणूस लिनक्स वापरतो

जळगाव स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर संगणकाचं एक इंग्रजी मासिक यायचं. त्याच्यासोबत प्लास्टिकच्या पाकिटात एक सीडी असे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्यातल्या एका सीडीत लिनक्स होतं, विंडोजच्या जागी संगणक चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली. मी तेव्हा मुलींच्या एका कॉलेजात संगणक शिकवायचे आणि जवळच एका खोलीत एकटी राहायचे. घर सावद्याला, केळीच्या मळ्यात. शनिवारी-रविवारी घरी गेलं की वडील विचारायचे, "म्हणजे नेमकं काय शिकवते तू त्यांना?" मी सांगायला लागले की ते मान हलवत ऐकायचे, आणि पुढच्या वेळी तेच विचारायचे. त्यात तिरकेपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि कळावं असं खरंच वाटत होतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक जुनं मशीन बाजूला पडलेलं होतं. प्राचार्यांना विचारून मी त्याच्यावर ती सीडी चढवली. चढवली असं एका वाक्यात म्हणते आहे, पण त्याला दीड महिना लागला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, पण चित्रांचा, खिडक्यांचा पडदा काही केल्या येईना. मॉनिटरचे आकडे एका फाइलमध्ये हाताने भरायचे असत, आणि चुकीचे भरले तर मॉनिटर जळू शकतो अशी ताकीद तिथेच लिहिलेली. कॉलेजचा मॉनिटर जाळून मी कुणाला काय सांगणार होते? जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया स्टाफरूममध्ये डबे उघडायच्या, तेव्हा मी लॅबमध्ये एकेक आकडा बदलून पाहायचे. मध्येच वीज जायची. आली की मशीन सगळी डिस्क तपासत बसायचं आणि सुट्टी संपायची.

एका दुपारी पडद्यावर करड्या रंगाची बारीक जाळी आली आणि मधोमध फुलीसारखा एक कर्सर. बाकी काही नाही. पण माउस हलवला की फुली हलत होती. मी उठून दारापर्यंत गेले. कुणाला तरी दाखवायचं होतं. व्हरांड्यात मराठीच्या बाई होत्या. त्यांना आत बोलावलं.

त्या म्हणाल्या, "छान आहे. पण हे काय करतं?"

"अजून काही नाही करत."

"बरं," असं म्हणून त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. त्या चांगल्या होत्या. तरी त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

कॉलेजला फोनवरून इंटरनेट होतं, दिवसातून थोडा वेळ. लिनक्स वापरणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती. एकाने पाठवलेलं पत्र सगळ्यांना जायचं. मी आद्याक्षरं आणि आडनाव घालून लिहू लागले. सगळी मंडळी मोठ्या शहरांतली, सगळे पुरुष, आणि मीही त्यातलाच एक असणार असं त्यांनी धरलेलं. मी खुलासा केला नाही. प्रश्न विचारला की अर्धी उत्तरं एकच असायची: आधी माहितीपुस्तिका वाच. मी वाचूनच विचारलेलं असायचं. ही माणसं स्वतः लिहिलेला प्रोग्राम जगाला फुकट देतील, पण नवख्याला दोन मिनिटं देताना त्यांच्या जिवावर येतं, हे माझं मत तेव्हा झालं आणि पुढेही फारसं बदललं नाही.

त्या लिस्टवर एकजण वेगळा होता. तो छोटी, नेमकी उत्तरं द्यायचा आणि कुणाला मूर्ख ठरवायचा नाही. फक्त व्हीआय नावाच्या एडिटरवर कुणी टीका केली की भडकायचा. मजकूर लिहायचं, सुधारायचं ते एक जुनं साधन. मी दुसरं वापरायचे, त्यामुळे आमचं तिथे एकदा चांगलंच वाजलं. त्या भांडणात त्याने सहज लिहिलं की तो धुळ्यात असतो. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. दोन-अडीच तासांच्या अंतरावर, धुळ्यात, एक माणूस लिनक्स वापरतो. मी लगेच त्याला वेगळं पत्र लिहिलं. उत्तरात पत्ता आला आणि खाली एक ओळ: कोणत्याही रविवारी या.

मी एसटीने गेले. एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचली. दार उघडलं ते सत्तरीच्या आसपासच्या एका बाईंनी. मी इंटरनेटवरच्या त्या गृहस्थांना भेटायला आले म्हटल्यावर त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आत घेतलं. आतल्या खोलीत पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ संगणकापुढे बसले होते. मी नमस्कार केला, स्वतःबद्दल सांगितलं. ते नुसते हसले.

"त्यासले ऐकू येत नही, माय," बाई अहिराणीत म्हणाल्या. "तू लिखीसन बोल. यासनं बठ्ठं बोलनं त्या पेटीमाच शे."

ते शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक होते, आणि बाई त्यांच्या पत्नी. गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. निवृत्तीच्या सुमारास त्यांचे कान गेले होते. सुरतच्या मुलाने मशीन आणून दिलं होतं. नानांनी शेजारची खुर्ची ओढली, कीबोर्ड आमच्या मधोमध ठेवला आणि रोमन अक्षरांत मराठी टाइप केलं, "तुम्ही मुलगा असाल असं वाटलं होतं."

मी टाइप केलं, "तुम्हीही."

ते मोठ्याने हसले. त्यांना स्वतःचं हसू ऐकू येत नसल्याने ते फारच मोठं होतं. त्यावर बाई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या.

पडद्यावर अर्थातच व्हीआय उघडलेलं होतं. त्यात लिहायची अवस्था वेगळी आणि हुकूम द्यायची वेगळी. मी प्रत्येक वेळी चुकायचे आणि माझी वाक्यं भलतीकडेच उमटायची. मग नाना हात लांब करून कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबायचे आणि मला पुन्हा सुरुवात करू द्यायचे. त्या एका दुपारी मी इतकं बोलले, म्हणजे लिहिलं, जितकं जळगावात महिनाभरात बोलले नसेन. कॉलेजबद्दल, मॉनिटरच्या आकड्यांबद्दल, घरून येणाऱ्या स्थळांबद्दलसुद्धा. निघताना त्यांनी विचारलं, "हे ठेवू की पुसू?"

"पुसा," मी लिहिलं. त्यांनी पुसलं.

त्यानंतर वर्षभर मी एक रविवार सोडून एक रविवार धुळ्याला जात राहिले. नाना मराठीत एक पुस्तिका लिहीत होते, लिनक्सला आज्ञा कशा द्यायच्या त्याची. देवनागरी पडद्यावर आणणं फार कटकटीचं होतं, म्हणून तेही रोमन अक्षरांतच. मी ती लिस्टवर पाठवली. एकाने लिहिलं, छान. दुसऱ्याने लिहिलं, जो इंग्रजी वाचत नाही तो हे वापरणारच नाही. नानांनी त्याला उत्तर दिलं नाही. आपल्या एडिटरसाठी भांडणारा माणूस आपल्या पुस्तिकेसाठी गप्प राहिला, हे मला लागलं.

मग आम्ही ठरवलं की जळगावात एक बैठक घ्यायची. खानदेशात आमच्यासारखे आणखी कुणी असतील तर ते सापडतील. मी हाताने पाट्या लिहून कॉलेजांच्या आणि टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारांवर लावल्या. लॅब मागून घेतली, वीस खुर्च्या मांडल्या. नाना पहिल्या गाडीने आले, इस्त्रीचा सदरा घालून.

चौघे आले. दोन मुली माझ्याच वर्गातल्या. त्यांना मी सांगितलं म्हणून आल्या होत्या. एक बँकेतले गृहस्थ चुकून दुसऱ्याच कार्यक्रमासाठी आले होते, पण संकोचाने बसून राहिले. चौथे टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक.

नाना फळ्यापाशी गेले आणि बोलू लागले. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. आवाज वर-खाली व्हायचा, शब्द मध्येच ताणले जायचे, पण शिकवणं कसलेलं होतं. एक छोटा प्रोग्राम आपलं उत्तर दुसऱ्याच्या हातात कसं देतो, तो तिसऱ्याच्या, हे त्यांनी शेतातून कापूस निघून जिनिंगमध्ये जातो आणि गाठी बांधल्या जातात, त्यावरून समजावलं. बँकेतले गृहस्थसुद्धा पुढे सरकून ऐकत होते.

शेवटी टायपिंगवाले म्हणाले, "सर, यात मराठी टाइप होतं का? माझ्याकडे सगळे अर्ज मराठीच असतात."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्न फळ्यावर लिहिला. तो वाचून ते म्हणाले, "नाही. नीट नाही होत."

"मग सध्या आमच्या कामाचं नाही," ते गृहस्थ नम्रपणे म्हणाले. चहा पिऊन, नानांना वाकून नमस्कार करून गेले. मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी खोलीत एकच खरा प्रश्न विचारला गेला, आणि तो त्यांचा होता. आम्ही एडिटरवरून भांडत बसलो होतो, आणि त्या माणसाला एक अर्ज लिहायचा होता.

पुढच्या बैठकीची पाटी मी लावली नाही. त्या हिवाळ्यात बाईंची तब्येत बिघडली आणि मुलगा दोघांना सुरतेला घेऊन गेला. निघायच्या आदल्या रविवारी मी गेले, तेव्हा मशीन खोक्यात बांधलेलं होतं. आम्ही वहीच्या पानावर लिहून बोललो. नानांच्या हातात पेन होतं तरी बोलणं लवकर संपलं. बाई म्हणाल्या, "सुरतले ये, माय." मी येते म्हटलं.

लिस्टवर त्यांचं नाव पुन्हा आलं नाही. मी तीन पत्रं लिहिली. चार महिन्यांनी पोस्टाने एक पाकीट आलं. देवनागरीत, त्यांच्या मास्तरी अक्षरात. बाई बऱ्या होत्या. मुलाने मशीनवरचं लिनक्स काढून विंडोज घातलं होतं, कारण घरातल्या कुणालाच ते वापरता येत नव्हतं. त्यांच्याकडची पुस्तिका त्यात गेली. पुढे लिहिलं होतं, "पण मला तक्रार नाही. नातवंडं शाळेतून आली की माझ्याशेजारी बसतात आणि टाइप करून सगळं सांगतात. रोज कुणीतरी बोलतं. तुम्हीही कधीतरी विंडोज वापरून पाहा, सोपं आहे."

मी ते पत्र लॅबमध्ये वाचलं आणि मला फसवल्यासारखं वाटलं. आपल्यातला एक माणूस गेला, असं काहीतरी. ते किती दिवस टिकलं आठवत नाही, पण नंतर त्याची लाज वाटली. नानांना लिनक्स असं कधी हवंच नव्हतं. समोरच्याला ओरडावं न लागता कुणाशी तरी बोलता यावं एवढंच हवं होतं, आणि ते त्यांना मिळालं होतं. मला काय हवं होतं, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. करडी जाळी आली तेव्हा मी पडद्याकडे पाहत बसले नव्हते, उठून दारापर्यंत गेले होते.

मी त्यांना उत्तर लिहिलं. नातवंडं कितवीत आहेत, बाई काय खातात, हे विचारलं. संगणकाबद्दल काही लिहिलं नाही. त्यानंतर दिवाळीला कार्डं येत राहिली, काही वर्षांनी थांबली. सुरतेला जाणं काही झालं नाही.

घरी मी आजही लिनक्सच वापरते. त्यात आता मराठी सुरेख टाइप होतं, हेही त्यातच लिहिते आहे. कुणी विचारलं तर सांगते. सहसा कुणी विचारत नाही.