दीड दिवसाची नदी

चिंचवडला आमच्या वसाहतीत नदीकडे तोंड करून एक घर होतं. त्या घराचा मी चार वर्षं हेवा केला. साधासुधा नाही, तोंडातला घास कडू व्हावा इतका. ते ज्या जागेवर उभं होतं ती जागा आधी माझी होती. दीड दिवस माझी होती. मग मीच ती देऊन टाकली, आणि देता यावी म्हणून रडलेसुद्धा.

तेव्हा आम्ही दापोडीला रुळांच्या कडेला एका चाळीत राहत होतो. गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. खिडकी एकच, आणि तिच्यातून हात बाहेर काढला की समोरच्या भिंतीला लागायचा. शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचं जोडपं होतं. त्यातल्या बाईचा नवरा आणि माझा नवरा एकाच कारखान्यात. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला वहिनी म्हणायची. ती मला नुसतं ‘अगो’ म्हणून हाक मारायची. मधली भिंत इतकी पातळ की कुणाकडे काय शिजतंय ते विचारावं लागत नसे.

कारखान्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून चिंचवडच्या एका शेतकऱ्याकडून जमीन घेतली आणि दोन रांगांत प्लॉट पाडले. पुढच्या रांगेसमोर कच्चा रस्ता, रस्त्यापलीकडे पवना. मागच्या रांगेसमोरही रस्ता, पण त्याच्यापलीकडे वीटभट्टी. भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. दिवसभर घरात बायकाच राहणार, तेव्हा चिठ्ठ्या बायकांनीच उचलायच्या, असं शेतकऱ्याच्या आईनं फर्मावलं. मी कळशीत हात घातला आणि पुढच्या रांगेतली टोकाची जागा उचलली. वहिनींना मागची मिळाली, बरोब्बर आमच्या पाठीमागची.

शेतकरी जागा दाखवायला आला. “बाई, नशीब काढलंत,” तो म्हणाला. “हितनं नदी कवाबी दिसंल. मधी कोन येनार न्हाई.”

खाली नदीचं वळण होतं. काठावर एक वाकडी बाभळ, पलीकडे हिरवा ऊस, आणि लांब घोरावडेश्वराचा डोंगर. माझा नवरा कमी बोलणारा. तो तिथल्या एका धोंड्यावर बसला तो उठेचना. शेवटी “खिडकी इथं ठेवू,” एवढंच म्हणाला. मीही मनातल्या मनात पडदे शिवून मोकळी झाले होते.

परत येताना माझ्या डोक्यात दाराचा विचार आला. रस्ता जागेच्या दक्षिणेला, म्हणजे दार दक्षिणेला. मी नगरकडची. आमच्या गावात घराचं तोंड रस्त्याकडेच असतं, दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझं माहेरचं घर दक्षिणमुखी होतं. त्यात राहायला गेल्यावर दोन वर्षांत वडील गेले आणि पाठोपाठ थोरला भाऊ. दारानं नेले, असं आई म्हणायची. ते आठवलं आणि नदी, डोंगर सगळं माझ्या डोळ्यांसमोरून पुसलं गेलं.

नवऱ्यानं समजावून पाहिलं, थोडा चिडला, मग त्यानं नाद सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनींकडे गेले. त्या भात वेळत होत्या. जागा बदलून द्या, माझ्या कुंकवाचा प्रश्न आहे, असं म्हणून मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडले. पेज निथळून संपली तरी त्या पातेलं तसंच तिरकं धरून उभ्या होत्या. त्या फायद्यातोट्याचा हिशोब करताहेत असं मला वाटलं.

“रडू नको गो,” त्या शेवटी म्हणाल्या. “आम्ही घेतो ती जागा.”

त्यांचं जोतं आमच्याआधी उभं राहिलं. बघते तर दार पूर्वेला. रस्त्यावरून यायचं, वळायचं आणि बाजूनं आत शिरायचं. दक्षिणेला दार नाहीच, नुसता रुंद ओटा आणि ही एवढी खिडकी. कोकणात घर आवाराच्या मध्ये असतं, दार कुठूनही काढतात, आणि सासरे आखणीला आले तेव्हा त्यांनीच हे सुचवलं, असं वहिनींनी सांगितलं. माझा काडीचा विश्वास बसला नाही. हिला पहिल्यापासून ठाऊक होतं, मला रडू दिलं आणि जागा लाटली, असंच मी धरून चालले.

वास्तुशांतीला गेले तेव्हा सगळे पाहुणे त्या खिडकीशी गर्दी करून होते. वहिनी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. एवढं मिळालंय आणि वर साधेपणाचा आव, असं वाटून मी जेवण अर्धवट टाकून उठले. त्यानंतर त्या घराची पायरी चढले नाही. त्या बोलवायच्या, आणि माझे नेमके पापड वाळत असायचे. त्या घावन पाठवायच्या. मी ते खायचे, चांगले असायचे, म्हणून आणखी राग यायचा.

माझ्या स्वयंपाकघरातून त्यांच्या घराची पाठ दिसायची: मोरी, शेवग्याचं झाड, वाळणारी लुगडी. पुढच्या दारातून वीटभट्टीचा धूर. माझा नवरा दर रविवारी तिकडे ओट्यावर जाऊन बसायचा आणि आल्यावर, न विचारता, आज बगळे किती होते ते सांगायचा. जागा का सोडलीस, असं त्यानं मला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्या रविवारी आमटीत मीठ जास्त पडायचं, आणि ते चुकून नसायचं. नदीकाठी डास फार, साप निघतात, भिंतींना ओल येते, असं मी वसाहतभर सांगत फिरायची.

चौथ्या वर्षी श्रावणात पाऊस तीन दिवस लागून राहिला. नदी फुगली, बायका बघायला जाऊ लागल्या. मी गेले नाही. मी चुलीपुढे बसून मनात म्हणत होते, एकदा, एकदाच हिच्या ओट्यावर पाणी चढू दे. देवाला हात जोडून म्हटलं नाही इतकंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात वहिनी, डोक्यावर पोतं, अंगभर भिजलेल्या. दोघींचे नवरे कारखान्यात होते.

“अगो, जरा येतेस?” त्या म्हणाल्या. “खिडकी उघडून पाणी कुठवर आलंय तेवढं बघ. माझ्यानं बघवत नाही.”

मी गेले. ती खिडकी बंद होती, आणि तिला लागून गाद्यांची वळकटी, तांदळाचा डबा, पत्र्याची ट्रंक, असं सगळं रचलेलं. धूळ बघून कळलं की ते आजचं नव्हतं. एवढी काय भीती, असं मी जरा टोचूनच विचारलं. त्या पाठ फिरवून बसल्या आणि सांगू लागल्या. लग्नाआधी त्यांचे दोन भाऊ होडीतून खाडी ओलांडताना बुडाले होते. त्या धक्क्यावर उभ्या होत्या, सगळं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून वाहतं पाणी समोर आलं की हातपाय गळतात. नवऱ्याला नदी आवडते, पाव्हणे आले की तो खिडकी उघडतो. तो कामावर गेला की त्या हे सगळं परत रचतात.

“मग ही जागा घेतलीत कशाला?” मी विचारलं.

“तू रडत होतीस ना,” त्या म्हणाल्या.

मी ट्रंक बाजूला ओढली, वळकटी उचलली. कडी पावसानं घट्ट बसली होती, ती बत्त्यानं ठोकून काढली. चार वर्षं जिच्यासाठी जळले ती खिडकी मी स्वतः उघडली. डोंगर दिसत नव्हता, ऊस पाण्याखाली गेला होता. गढूळ पाणी काठ सोडून वर आलं होतं आणि त्या वाकड्या बाभळीचं खोड अर्धं बुडालं होतं. बाभळीपासून रस्ता वीस पावलांवर, आणि रस्त्याला लागून हा ओटा.

खरं सांगते, तेव्हाही मला हेवाच वाटला. एवढं मन मला का मिळालं नाही, याचा. मग भीती वाटली, कारण तीन दिवस मी काय मागत होते ते मला ठाऊक होतं.

“कुठवर आलंय गो?” वहिनींनी पाठमोऱ्याच विचारलं.

मी खिडकीत बसले आणि बाभळीवरची नजर काढली नाही.

“लांब आहे अजून,” मी म्हणाले. “तुम्ही चहा टाका. मी बसते इथं.”