गोठ्यातली भजी

त्या वर्षी आमच्या घरातून एक माणूस गेलं होतं, एक यायचं होतं, आणि त्या दोघांच्या मधे मी तेलाचं पातेलं धरून उभी होते.

गेलेलं माणूस म्हणजे आमचे हे. मिलिटरीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, अख्ख्या कुंडल गावात कडक म्हणून प्रसिद्ध. एका सकाळी चहा पिता पिता गेले. (जन्मात ताटात शीत टाकलं नाही या माणसानं, आणि जाताना अर्धा कप चहा टाकून गेले!) येणारं माणूस म्हणजे आमची सून पूनम, तिच्या पोटातलं. तिला दिवस गेलेत हे कळलं ते नेमकं ह्यांच्या तेराव्याला. रडावं की हसावं कळेना, म्हणून मी भाषण केलं!

तेव्हाची मी फार शहाणी होते. साठी नुकतीच ओलांडलेली, म्हणजे अक्कल यायची बाकीच होती. जेवणाच्या पंगती बसलेल्या, कुणी काही विचारलेलं नाही, आणि मी छातीवर हात मारून जाहीर केलं, "वरीसभर ह्या घरात कढई चढायची न्हाई!"

तळण नाही, गोड नाही, सण नाही. भावकीतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. "लय जीव व्हता गं बाई नवऱ्यावर!" ते ऐकून मला दुःखातसुद्धा जरा बरं वाटलं. अशी मी!

आणि पूनमला डोहाळे लागले कांदाभज्यांचे.

दुसरं काही पोटात ठरेचना. भाकरी बघितली की उलटी, भात बघितला की उलटी, मला बघितलं तरी उलटी. आदल्या साली तिचं एक बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळे ती न खाता उठली की मी ताट घेऊन तिच्या मागं मागं फिरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय मागेल ते द्या, पण पोटात जाऊ द्या." मुलगा तिकडं बॉर्डरवर. तो रोज फोन करायचा.

"आये, ती खाती का?"

"खाती की! चांगली दोन भाकरी खाती!"

तेवढ्यात मागून ओकल्याचा आवाज.

"ह्यो कसला आवाज?"

"म्हस खोकतीया!"

शेवटी एक दिवस पूनम भिंतीला टेकून बसली ती उठेचना. गालफडं बसलेली, ओठ पांढरे. हळूच म्हणाली, "आत्ती, एकच भजं..." मी माझ्या शपथेची उलटतपासणी घेतली. घरात चढायची नाही म्हणाले होते. गोठा म्हणजे काय घर नव्हे! आणि कढई चढायची नाही म्हणाले होते. पातेल्याबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते! (वकील व्हायचं माझं राहून गेलं बघा.)

गोठ्यात पाणी तापवायची चूल होती. तिच्यावर पातेलं ठेवलं. शेणाच्या वासात भज्यांचा वास लपेल, असा माझा हिशोब. म्हशीला तो पटला नाही. ती दावं ताणून पातेल्याकडं बघत बसली. पहिला घाणा निघाला, पूनमनं एक भजं तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि त्याच क्षणी दारात वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणारी, जीप थांबली.

"आरं माज्या बाळू रंऽऽ! कुटं गेलास रंऽऽ!"

म्हसवडच्या माझ्या थोरल्या नणंदबाई! (ह्यांच्या मिशा एवढ्या, पण वन्संना ते शेवटपर्यंत बाळूच.) सोबत जीपभर बायका, दुखवट्याला भेटायला. आमच्याकडं अशा बायका दारातूनच गळा काढतात, आणि घरच्या बाईनं धावत जाऊन गळ्यात पडायचं असतं. उशीर झाला की गावभर बोभाटा! मी कोपरापर्यंत बेसनाच्या हातांनी धावले आणि वन्संच्या गळ्यात पडले. त्यांच्या पांढऱ्या साडीवर माझे पिवळे पंजे उमटले. मागून पूनम आली. गरम भजं तोंडात, गिळता येईना की थुंकता येईना, डोळ्यांतून नुसत्या धारा.

"सून बगा, सून! कशी मुक्यानं रडतीया!" एक बाई म्हणाली, आणि सगळ्यांनी नव्यानं सूर लावला.

वन्संही लावणार होत्या. "आरं माज्या बाळू रंऽऽ..." आणि मधेच थांबल्या. नाक वर. "शालन, भजी हायती व्हय गं?"

सगळा कल्लोळ बंद. म्हैस तेवढी हंबरली.

आता खरं सांगायचं होतं की नाही? पोरगी उपाशी आहे, म्हणून तळली. संपलं! पण तेराव्याचं ते भाषण आडवं आलं. मी म्हणाले, "वन्सं, त्ये सपनात आलं व्हतं. भजी मागितली."

"बाळूनं? आगं, त्येला भज्यानं पित्त व्हायचं!"

"मेल्यावर कसलं आलंय पित्त, वन्सं!"

बायकांनी माना डोलवल्या. शेजारची हौसा कुंपणावरून म्हणाली, "माज्याबी सपनात आलं व्हतं, पानी मागत व्हतं." जीपच्या ड्रायव्हरच्याही स्वप्नात येऊन गेले होते. तालुक्याला दर्शन देऊन झालं होतं ह्यांचं! माझ्या मेलीच्या तेवढं एकदाही आले नव्हते. मी रोज तोंड धुऊन, नीट केस विंचरून झोपायची.

वन्सं माझ्याजवळ सरकल्या. आवाज एकदम बारीक. "माजं काय इचारलं का गं त्यानं?"

काय सांगणार? "आक्का जेवली का, म्हनले."

वन्सं खाली बसल्या आणि रडल्या. आता सूरबीर काही नव्हता. मग प्रसाद म्हणून एकेकीनं एकेक भजं उचललं, आणि बघता बघता ताट रिकामं! पूनम त्या ताटाकडं बघत राहिली. बघता बघता ती खांबाला धरून खाली घसरली.

वन्संनी तिला सावरलं. तिच्या पोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "शालन, येड्या डोक्याची हायस व्हय गं? बाळू पोरीच्या पोटाला आलाय! त्योच मागतोय भजी, आनि तू म्हशीपुढं तळत बसलीस? आन कढई! घरात!"

माझी शपथ वन्संनी स्वतःच्या हातानं चुलीवर ठेवली आणि तीत तेल ओतलं. पूनम खात गेली, वन्सं तळत गेल्या. त्या दिवसापासून पोरीच्या पोटात अन्न ठरायला लागलं. दिवस भरले आणि बाळू आला, मुलगी होऊन! वन्सं अजून तिला "ये रं बाळू" म्हणतात आणि ती जाते.

बारशाला रीतसर भजी झाली. दुपारी घर निजलं, तेव्हा मी चार भजी बशीत घालून उशाशी ठेवली, केस विंचरले आणि डोळे मिटून पडले. थाप मीच मारलेली, तरी म्हटलं, कोण जाणे! उठले तर अंगभर चावे. ते आलेच नव्हते; मुंग्या तेवढ्या आल्या होत्या, त्याही सहकुटुंब!