बापाने वाळवलेले लाकूड

७ मार्च १९४३. धाकलू सुताराच्या घरात तीन जीव: तो, बायको अंबाबाई आणि व्हायोलिन घडवायला शिकणारा मुलगा गजा.

खालापुरातल्या या घराचा नेम होता: बापाने शिवणीच्या झाडाच्या फळ्या माळ्यावर वाळत घालायच्या आणि त्यांची व्हायोलिने मुलाने घडवायची. धाकलूसाठी त्याचा बाप भिवाजी अठरा वर्षे वाळवलेल्या फळ्या ठेवून गेला होता. धाकलू बाजाराला गेलेला पाहून लष्करी छावणीच्या ठेकेदाराने त्या उचलून नेल्या आणि त्यांच्या दारूगोळ्याच्या पेट्या ठोकल्या.

धाकलू तडक खोपोलीच्या छावणीत जाऊन ठेकेदारापुढे उभा राहिला.

"दुप्पट लाकूड देतो की रं, ताजं!" ठेकेदार हसला. "तुझ्या फळ्या काय सोन्याच्या होत्या?"

"ताजं लाकूड वाळताना फाटतं, शेट. माजा बाप मेलाय. त्यानं वाळवलेली वर्सं कुठल्या रानातनं तोडून आणशील?"

दुप्पट लाकूड खरोखरच आले. धाकलूने ते गजासाठी माळ्यावर चढवले आणि स्वतःपाशी वाळलेले लाकूड न उरल्याने नांगर तासू लागला. पण नांगर तासणाऱ्या बापाकडून गजा व्हायोलिन कसे शिकणार, हे विचारावेसे कोणालाच वाटले नाही.

लाकूड फिटले. भिवाजीची अठरा वर्षे अजून फिटलेली नाहीत.