वेदात नाही ना, मग शिकवा

लग्न होऊन मी कानडी मुलखात, बसवनगुडीला आले तेव्हा साठचं दशक निम्मं सरलं होतं. मी विमानाच्या सुट्या भागांची चाचणी घेणाऱ्या एका कचेरीत, आकडेमोडीच्या खोलीत नोकरीला होते. आम्ही सहाजणी, आणि प्रत्येकीपुढे मूठ फिरवून चालवायचं एक लोखंडी गणकयंत्र. गुणाकार म्हणजे दळण दळल्यासारखी मूठ फिरवत राहायचं. दुपारपर्यंत दंड भरून येत.

एक दिवस माझ्या यंत्राची मूठ अडकली. साहेबांना सांगायला मी उठणार, तोच शेजारच्या टेबलावरची बेळगावची मैत्रीण म्हणाली, "काय गुणायचंय?"

"सत्त्याण्णव गुणिले शहाण्णव."

"नऊ हजार तीनशे बारा," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगदाणे खाऊ लागली.

मी तिच्या यंत्रावर ताडून पाहिलं. बरोबर! मग तिने युक्ती सांगितली. सत्त्याण्णव शंभराला तीन कमी, शहाण्णव चार कमी. सत्त्याण्णवातून चार काढले, उरले त्र्याण्णव. तीन चोक बारा. त्र्याण्णवच्या पुढे बारा मांडायचे, की झालं.

"हे कुठे शिकलीस?"

"मामानं पुस्तक आणलंय की. एका संन्याशांनी लिहिलंय. सगळं वेदातलं आहे म्हणे."

वेदातलं म्हटल्यावर मला सासऱ्यांची आठवण झाली. त्यांना अख्खा ऋग्वेद तोंडपाठ होता. सगळं घर त्यांना अण्णा म्हणे आणि सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले होते. संध्याकाळी मी अण्णांना गुणाकार करून दाखवला आणि उत्साहाने विचारलं, "हे नेमकं कुठे येतं, अण्णा?"

अण्णांचा चेहरा पडला. त्यांच्या पाठात असलेली गोष्ट त्यांना ठाऊक नसावी, हे त्यांना सहन होईना. "स्वल्प थांब," म्हणाले, "बघतो."

त्यांचं बघणं म्हणजे पहिल्या मंडलापासून म्हणत सुटणं. आंघोळ करताना, फुलं तोडताना, बसची वाट पाहताना अण्णा पुटपुटत होते. मध्येच आकड्यासारखं काही आलं की थबकायचे, मान हलवायचे आणि पुढे चालायचे. नवव्या दिवशी ते मला म्हणाले, "नाही. माझ्याकडे नाही."

मी मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ऋग्वेद कुठला! अथर्ववेदाचं परिशिष्ट, असं लिहिलंय."

"हे आधी सांगायचं नाही का?" अण्णा माझ्यावर डाफरले. मग एका स्नेह्याकडून छापील अथर्ववेद आणि परिशिष्टं उसनी आणून ते ओटीवर बसले. भिंग लावून तीन आठवडे वाचन चाललं. ते संपलं त्या रविवारी त्यांनी मैत्रिणीला पुस्तकासकट जेवायलाच बोलावलं.

अण्णांनी पुस्तकातली सूत्रं मोठ्याने वाचली आणि पुस्तक मिटलं. "मला मिळालेल्या पोथ्यांत हे नाही. आणि हे संस्कृत चांगलं असलं तरी वेदाइतकं जुनं वाटत नाही. कुणा बुद्धिमान माणसाला सुचलंय, एवढं खरं."

मैत्रीण हिरमुसली. मीही तोंड पाडून सांगितलं की वहीत कंस सोडवून पाहिले, तर शाळेतल्या बीजगणितानेच सगळं सिद्ध होतं.

"म्हणजे खोटं?" तिने विचारलं.

"खोटं कसं? नऊ हजार तीनशे बारा हे नऊ हजार तीनशे बाराच आहे ना?" अण्णा म्हणाले. "वेदात नाही, इतकंच."

भात वाढायला आलेल्या अक्का तशाच उभ्या राहिल्या. "वेदात नाही ना? नक्की?"

"नक्की."

"सरी, बरं तर. मग मला शिकवा."

अण्णा ओटीवर शिष्यांना संथा देत, तेव्हा अक्का चाळीस वर्षं आत स्वयंपाक करत होत्या. बायकांनी वेद म्हणायचा नाही, हा घरचा नियम. एखादा शिष्य स्वर चुकला की आत त्यांची पळी थांबे, हे मी पाहिलं होतं. पण तोंडातून कधी अक्षर निघालं नाही.

अण्णांनी भाताकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं. "याला कसली आडकाठी?" ते हळूच म्हणाले. "जेवण झाल्यावर बस."

महिन्याभरात घरात आकड्यांशिवाय बोलणं उरलं नाही. अक्का मेथी निवडताना गुणत, वेणी घालताना गुणत. पाटी घेत नसत; चाळीस वर्षं नुसत्या कानांनी धरून ठेवायची सवय होती त्यांना. पुढे एकदा मैत्रीण आली, तेव्हा तिने मुद्दाम अवघड घातलं, "नऊशे अठ्ठ्याऐंशी गुणिले नऊशे सत्त्याण्णव!"

"अठ्ठ्याण्णव हजार पाचशे छत्तीस," अण्णा झटकन म्हणाले.

पोळी लाटता लाटता अक्का म्हणाल्या, "नऊ लाख पंच्याऐंशी हजार छत्तीस. हजाराचा हिशोब आहे, तीन घरं हवीत. शून्य विसरलात तुम्ही."

मैत्रीण इतकी हसली की तिला ठसका लागला. अण्णा दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "अगं, ते शून्याचं पुन्हा एकदा सांग."

पुढच्या वर्षी मैत्रीण लग्न होऊन धारवाडला गेली. तिची अक्कांना पोस्टकार्डं येत, प्रत्येकात पाच गुणाकार. अक्का ठळक अक्षरात उत्तरं लिहीत आणि उलट पाच घालत. खुशालीची ओळ अगदी तळाशी असे, तीही जागा उरली तर.